दुदाली म्हणजे दूध नव्हे

३ जुलै

शाळेने माझ्या दोन्ही नातींना ‘भाषा येत नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं, म्हणून ही वही. एरवी मला रोजनिशीचा शौक नाही. कॉलेजात असताना एक लिहायला घेतली होती. रोज तेच घडतं हे लक्षात आल्यावर बंद केली.

नाती जुळ्या आहेत, साडेतीन वर्षांच्या. मुलगा आणि सूनबाई सकाळी कामावर जातात ते संध्याकाळी येतात. त्यामुळे मुली तान्ह्या होत्या तेव्हापासून दिवसभर माझ्या शिवणखोलीत असतात. कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली त्यांचं बिऱ्हाड आहे. चिंध्या, रिकामी रिळं आणि फाटका टेप दिला की मला त्यांचा त्रास नसतो. एकमेकींशी मात्र अखंड बोलत असतात आणि त्यातलं एक अक्षर कुणाला कळत नाही. आमचं सगळं त्यांना कळतं. त्यांचं आम्हाला शून्य.

मुख्याध्यापिकाबाईंनी थोरलीला विचारलं, “बाळ, तुझं नाव काय?” थोरली धाकटीकडे वळून ठसक्यात म्हणाली, “तोटात!” त्यासरशी दोघी सैनिकासारख्या ताठ उभ्या. पुढे चकार शब्द नाही.

बाई म्हणाल्या, “जुळ्यांचं असं होतं कधीकधी. दोघींची खासगी भाषा असते, वेगळ्या केल्या की सुटते. एकीला सकाळच्या वर्गात घालू, दुसरीला दुपारच्या.”

सूनबाई रडकुंडीला आली. एकीला आंघोळीला नेलं तर दुसरी दाराबाहेर बसून राहते, अशा या मुली. एक घरी आणि एक शाळेत, म्हणजे दोघींचे हाल. शेवटी मीच बोलले आणि त्यांचे बालवर्ग सप्टेंबरात सुरू होतात तोवरची मुदत मागून घेतली. तोवर समजेल असं बोलल्या तर एकाच वर्गात, नाहीतर ताटातूट. बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक आहेत, पण त्याचा एवढाच उपयोग झाला की निघताना म्हणाल्या, “माझ्या कोटाचं तेवढं बघा हं.”

आमच्या घरात अस्पष्ट बोलणं चालत नाही. मी स्वतः तोंडात टाचण्या असतानाही बोलते, आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने “काय म्हणालात?” असं परत विचारलेलं नाही. मग या मुलींना हे कुठून लागलं?

संध्याकाळी नणंदेची मुलगी आली. ती भाषाशास्त्र शिकते. त्यात नेमकं काय शिकतात ते तिच्या आईलाही माहीत नाही. सगळं ऐकून तिचे डोळे चमकले, जसे माझे चांगलं लोकरी कापड बघून चमकतात.

“मामी, लिहून काढा. त्या काय बोलतात, कधी बोलतात, तेव्हा समोर काय चाललेलं असतं. आणि नियम एकच, दुरुस्त करायचं नाही.”

“चुकीचं बोलल्या तरी?”

“चुकीचं काही नसतं. भाषाशास्त्र कसं बोलावं ते सांगत नाही, कसं बोलतात ते टिपतं.”

“मग शिकवतात कशाला?”

तिने पिशवीतून ही वही काढून दिली. येतानाच घेऊन आली होती.

६ जुलै

पहिला शब्द सापडला. दूधवाला पिशवी ठेवून निघाला तेव्हा दोघी दारात जाऊन हात हलवत म्हणाल्या, “दुदाली!” दुदाली म्हणजे दूध. एवढं सोपं होतं, कुणी लक्षच दिलं नव्हतं. दोघींना एकेक पेला दूध दिलं. प्यायल्या.

७ जुलै

माझ्या गिऱ्हाईक वकीलबाई कपड्याची ट्रायल करून गेल्या. “दुदाली.” दूध दिलं.

शेजारीण कात्री परत देऊन गेली. “दुदाली.” दूध दिलं.

मुलगा संध्याकाळी फेरफटका मारायला निघाला. पुन्हा तेच, पुन्हा दूध. थोरलीने पेल्याकडे असं पाहिलं, जसं माणूस नको असलेल्या आहेराकडे पाहतो.

रात्री जेवल्या नाहीत. सूनबाई म्हणाली, “आई, आज दूध जरा जास्त झालं का?” म्हटलं, मागतात त्या. हे खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “दूध नकोय त्यांना.” ह्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, मुलं मी वाढवली.

१० जुलै

भाची येऊन धडा देऊन गेली. मी कॉलेजात भाषेचा एक पेपर केला होता, त्यामुळे अगदीच कोरी नाही. तिने विचारलं, “पाय आणि गाय यांत फरक कशाचा?”

“एक चालतो, एक चालते.”

“मामी!”

“बरं, प आणि ग चा.”

एका ध्वनीच्या बदलाने अर्थ बदलतो, म्हणून ते दोन वेगळे स्वनिम. तोंडातून आवाज शेकडो निघतात, पण प्रत्येक भाषा त्यांतले मोजकेच कामाला लावते. हे मला लगेच पटलं. दुकानात बटणं शंभर प्रकारची असतात, कोटाला एकच जात लावतात. मुलींच्या भाषेला कोणती बटणं आहेत ते मी आता शोधायचं.

१२ जुलै

शोधलं. दिवसभर कान देऊन ऐकलं आणि एक विलक्षण गोष्ट हाती आली. यांच्या बोलण्यात प नाही. फ, ब, भ, म, कशाचाच पत्ता नाही. ओठाला ओठ लागतच नाही. कॉलेजात वर्णांचा तक्ता पाठ केला होता: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. त्यातली शेवटची ओळ या मुलींनी सरळ कापून टाकली आहे आणि सगळा कारभार दातांवर चालवला आहे. म्हणून तर ‘आई’ आणि ‘आजी’ स्पष्ट येतं, पण बापाला ‘दादा’ म्हणतात. मुलाला वाटायचं, लाडाने म्हणतात.

भाचीला फोन केला. ती पलीकडून किंचाळली, आनंदाने. म्हणाली, जगात अशा भाषा अगदी थोड्या. मग म्हणाली, ओठांत काही दोष नाही ना ते बघा. बघितलं. दोघींना साबणाचे फुगे उडवायला दिले. उत्तम उडवतात. धाकटी तर ओठ मिटून मोटारीचा आवाज काढते आणि समोरच्याला भिजवते.

ओठ धड आहेत, तरी बोलताना वापरत नाहीत. माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे.

१५ जुलै

शब्द वाढत आहेत. जसे मिळाले तसे लिहिते.

नानल: पंखा. कावळा. विमान. वरच्या फळीवरचा डबा.

दगुनका: बूट. फरशी. सांडलेलं काहीही.

थिला: हे एकीने म्हटलं की दुसरी येते आणि तिच्या हातातली वस्तू घेते. म्हणजे ‘आता तू’ असावं.

तोटात: मोठं माणूस समोर आलं की म्हणतात आणि ताठ उभ्या राहतात. पोस्टमन आला तेव्हाही म्हणाल्या. त्याने उगाच सलाम ठोकला.

भाची म्हणते, “पंखा, कावळा आणि विमान यांना एक शब्द कसा, असं विचारू नका. अर्थ शब्दाच्या आत शिवलेला नसतो, मामी. लोक तो शब्द जसा वापरतात तसा तो घडतो. यांना पहिल्यांदा हा शब्द कुठे भेटला असेल ते शोधा.”

कुठे भेटणार? घर ते शिवणखोली, शिवणखोली ते घर. आमच्याकडे विमान उतरत नाही.

दुदालीचं अजून जुळत नाही. दूध समोर ठेवलं तर कधीच म्हणत नाहीत.

१८ जुलै

आज वाक्याकडे लक्ष दिलं. भाचीने सांगितलं होतं की शब्द सुटे असतात, त्यांना कोणत्या क्रमाने जोडायचं ते प्रत्येक भाषा ठरवते. मी बघत बसले, तर यांच्याकडे सगळी वाक्यं एकाच वळणाची. हुकूम! ‘मला हवं’ नाही, ‘देशील का’ नाही. आज्ञार्थाशिवाय दुसरं काही यांना ठाऊकच नाही. आणि बोलताना तर्जनी वर.

हे वळण कुणाचं, ते मला चांगलंच माहीत आहे. सूनबाईच्या माहेरी सगळेच हुकूम सोडतात. तिची आई तर खुर्चीवरून उठत नाही. मी जेवताना सहज म्हटलं, “खाण तशी माती.” सूनबाईने वाढायचा डाव भांड्यात जरा जोरात ठेवला. हे खोकले. पण तो खोकला नव्हता, ह्यांचं हसू असं बाहेर येतं.

१९ जुलै

कोटाची बाही उलटी लावली. उसवली. मुलींपायी कामात लक्ष नाही.

२२ जुलै

आज दुपारी एक चमत्कार बघितला. मी मशीनवर होते. धाकटी टेबलाखालून बाहेर आली, ह्यांच्याकडे गेली आणि काहीतरी म्हणाली, तीनचार शब्द सलग. हे उठले, खिडकी लावली, फळीवरून लाल रिळाचा डबा काढून तिला दिला आणि पुन्हा बसले. कोड्यातली नजर हलली नाही.

मी म्हटलं, “तिला डबा हवा होता हे तुम्हाला कसं कळलं?”

“म्हणाली ती.”

“काय म्हणाली?”

“खिडकी लावा, वरचा डबा द्या.”

अंदाजाने! माणूस रिकामा असला की त्याला सगळं सुचतं.

२४ जुलै

भाची यंत्र घेऊन आली, आवाज मुद्रित करायला. ते तिने टेबलाच्या पायाला बांधलं आणि म्हणाली, “मामी, मी इथे नाही असं समजा आणि रोजचं काम करा.” तेवढ्यात वकीलबाई दुसऱ्या ट्रायलला आल्या. मी त्यांना स्टुलावर चढवलं, गुडघ्यावर बसले आणि टाचण्या दातांत धरून घेर लावायला लागले. नेहमीसारखं सांगत होते, पोट आत, मान वर, खाली बघू नका, फिरा. मधे मुलींनी टेबलाखालून काहीतरी विचारलं, मी त्यांना गप्प केलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. अशी कामात कटकट नेहमीचीच.

मागे धप्प आवाज झाला. भाची कापडाच्या गठ्ठ्यावर पडली होती आणि तोंडात ओढणी कोंबून हसत होती. डोळ्यांतून पाणी. वकीलबाई घाबरल्या. मी टाचण्या काढून विचारलं, “काय झालं?” तर हात जोडले आणि परत हसायला लागली.

एवढी शिकलेली मुलगी, पण पोरकटपणा जात नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “मी सांगितलं तर तुमचा शोध बुडेल. फक्त एक लक्षात ठेवा, मामी. कुठलीही भाषा मुलं हवेतून काढत नाहीत. ऐकल्याशिवाय बोलणं नाही. ही भाषा बोलणाऱ्या त्या दोघीच नाहीत, तिसरं माणूस या घरात आहे. ते शोधा.”

२५ जुलै

सापडला तिसरा. मला आधीच संशय यायला हवा होता. खिडकी कोण लावतो? डबा कोण काढतो? “दूध नकोय” कोण म्हणालं होतं?

सकाळचा चहा झाल्यावर मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. “अहो, मुलींना ही भाषा तुम्ही शिकवलीत.”

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. हे क्वचित घडतं.

“मी?”

“तुम्हाला कळते ना ती?”

“कळते की. लग्न झाल्यापासून कळते.”

“लग्न झालं तेव्हा मुली कुठे होत्या?”

“मुली नव्हत्या. तू होतीस.” मग उठून शिवणखोलीत गेले, टाचण्यांची डबी आणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “आरशासमोर जा आणि त्या वहीतले शब्द नाही, तुझे रोजचे शब्द म्हण. काखेत कळसा नि गावाला वळसा.”

गेले. ट्रायलच्या मोठ्या आरशासमोर उभी राहिले, टाचण्या दातांत धरल्या. ओठ मिटता येत नाहीत, मिटले तर टोचतात. इतकी वर्षं धरते आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.

म्हटलं, मान वर. आरशातली बाई म्हणाली, नानल.

पोट आत. तोटात.

खाली बघू नका. फिरा. दगुनका. थिला. मुली र चा ल करतात आणि वाक्य लांब असलं तर सुरुवातीचा शब्द गाळतात, तेवढीच त्यांची स्वतःची भर.

टाचण्या काढल्या, पुसल्या, पुन्हा धरल्या, पुन्हा म्हटलं. तेच. टेबलाखालून थोरलीने डोकं बाहेर काढलं आणि शाबासकीच्या सुरात म्हणाली, “थिला, आजी!” मी फिरले.

आता सगळं जुळतं. मी मान वर म्हटलं की गिऱ्हाईक छताकडे बघतं, म्हणून जे जे वर ते नानल. खाली बघू नका म्हटलं की हटकून बुटांकडे बघतं, म्हणून दगुनका. पोट आत म्हटलं की मोठी मोठी माणसं ताठ होतात. आणि ट्रायल संपली, गिऱ्हाईक दाराकडे निघालं की मी टाचण्या न काढता काय सांगते? पुढच्या बुधवारी.

दुदाली. माणूस जातं आहे, पण परत येणार आहे.

त्यावर मी त्यांना दूध पाजत होते.

ह्यांना विचारलं, “इतके दिवस बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलं? आणि मला वाटलं तुला माहीत आहे. तुझीच भाषा.”

संध्याकाळी सूनबाईला सांगणं भाग होतं. सांगितलं. ताटं घेताना ती पुटपुटली, “खाण तशी…” आणि पुढचं गिळलं. मी पूर्ण करून दिलं, “माती.” तिला ठसका लागला, मग मलाही लागला.

दिवसभरात टाचण्या दातांत नसताना मी किती बोलते, याचा आज अंदाज घेतला. तो इथे लिहीत नाही.

२७ जुलै

मनगटावर बांधायची टाचण्यांची उशी शिवली. लाल मखमलीची उरलेली पट्टी, आत भुसा. आजपासून दातांत टाचणी नाही.

भाची म्हणाली, “मामी, हे फार मोठं पाऊल आहे. तुम्ही या भाषेच्या मूळ भाषक आहात.”

“फाजीलपणा पुरे.”

“तुरे,” टेबलाखालून दुरुस्ती आली.

३० जुलै

वाटलं होतं तितकं सोपं नाही. मी मोकळ्या तोंडाने बोलले की मुली माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशा बघतात. आज मी म्हटलं, “फिरा.” थोरलीने मान हलवली. तर्जनी वर करून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, “थि-ला.” मी म्हटलं, “फि-रा.” तिने निःश्वास सोडला. असा निःश्वास मी शिवण शिकायला येऊन काजं वाकडी करणाऱ्या मुलींसाठी राखून ठेवला आहे.

मग दोघी गेल्या आणि टाचण्यांची डबी घेऊन आल्या. चार हातांनी वर धरली. आजीने नीट बोलावं, एवढीच त्यांची इच्छा.

शुद्ध बोलणाऱ्याला कुणी येऊन दुरुस्त करतं तेव्हा कसं वाटतं, ते कळलं. गिऱ्हाइकांचं बोलणं सुधारायची मला सवय आहे. ती जरा आवरती घ्यावी.

३ ऑगस्ट

उपाय काढला. नुसते हुकूम सोडायचे नाहीत, काम करताना जे करते ते बोलायचं. “आता मी पट्टी मापते. पट्टी अपुरी पडली. बघ, मापात माझीच चूक.” दिवसभर असं बडबडायचं म्हणजे घसा बसतो. वकीलबाईंनी विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” ह्यांनी कोडं सोडवायचं सोडलं आहे. म्हणतात, हे जास्त रंजक आहे.

धाकटी माझ्या ओठांकडे टक लावून बघते. आज तिने बोट लावून पाहिलं, मिटतात का.

९ ऑगस्ट

मुलगा कामावरून आला. धाकटी दारात उभी राहिली, ओठ घट्ट मिटून, गाल फुगवून. मला वाटलं आता मोटार सुरू होणार. तर म्हणाली, “बा.” थांबली. पुन्हा गाल फुगवले. “बा.”

मुलगा पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “मागच्या नळाचं जरा बघतो, गळतोय,” आणि आत गेला. मागचा नळ गळत नाही.

थोरली अजून दादाच म्हणते. ती माझ्यावर गेली आहे.

१४ ऑगस्ट

वर्ग सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले. धाकटीला ब आणि प येतो, म नाकात अडकतो. थोरली आपल्या भाषेला चिकटून आहे. एकीला समजेल असं येतं आणि एकीला येत नाही, म्हणजे तर ताटातूट नक्कीच. या सुधारणेने मी गोष्ट सोपी केली की अवघड? भाचीला विचारलं. ती म्हणाली, “भाषा आणि बोली यांत फरक तसा काही नसतो, मामी. ज्या बोलीचं कुणीतरी ऐकतं, ती भाषा.”

ऐकणारा कुठून आणू?

१९ ऑगस्ट

आज मुख्याध्यापिकाबाई कोटाच्या ट्रायलला आल्या. घडलं तसं लिहिते.

त्यांना स्टुलावर उभं केलं, तोंड आरशाकडे. मी मागे गुडघ्यावर, उशी मनगटाला, पाठीची शिवण बघत होते. शिवण अर्ध्या बोटाने तिरकी होती आणि ती कशी लपवावी या विचारात मी एक शब्द बोलत नव्हते. मुली टेबलाखाली.

टेबलाखालून थोरली म्हणाली, “तोटात.”

बाईंनी पोट आत घेतलं.

“नानल.”

बाईंनी हनुवटी उचलली.

मग बाईंची नजर बुटांकडे गेली असावी, कारण धाकटीने बजावलं, “दगुनका!” बाई दचकून सरळ झाल्या. “थिला,” थोरली म्हणाली, आणि बाई स्टुलावर सावकाश, पूर्ण फिरल्या आणि माझ्यासमोर तोंड करून उभ्या राहिल्या. हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, “बरं, मुलींचं बोलणं कुठवर आलं? काही समजण्यासारखं बोलतात का?”

मी उठले. असं काही मी ठरवलं नव्हतं, पण समोर आलेलं कापड मी वाया घालवत नाही.

“तुम्ही आत्ता फिरलात का?”

“तुम्ही फिरा म्हणालात.”

“मी काही म्हणाले नाही.”

“म्हणजे काय? फिरा म्हणालात, त्याआधी पोट आत, मान वर…”

मी हाताने खाली दाखवलं. बाईंनी वाकून पाहिलं, तिरक्या शिवणीची पर्वा न करता. टेबलाखालून दोन चेहरे त्यांच्याकडे बघत होते. थोरलीच्या गळ्यात टेप होता.

बाई वाकूनच, खोल आवाजात म्हणाल्या, “अगं बाई! हे तर तुम्ही बोलता ते.”

“हो.”

“हे तर मला कळतं.”

“इतकी वर्षं.”

बाई स्टुलावर बसल्या, तशाच कच्चे टाके घातलेल्या कोटात, आणि हसल्या. मी त्यांना हसू दिलं. कोटाचे दोन टाके तुटले, तेही चालवून घेतलं. मग विचारलं, “एकाच वर्गात?”

“अहो, मला कळलं म्हणून काय झालं? वर्गशिक्षिका तुमच्याकडे कपडे शिवत नाहीत.”

“मी शब्दसंग्रह लिहून देते. शब्द, अर्थ, कधी वापरतात. धाकटी बोलायला लागली आहे, तिच्या नादाने थोरली शिकेल. वेगळी ठेवलीत तर कुणाच्या नादाने शिकणार?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली. थोरली पुन्हा “तोटात” म्हणाली, आणि बाईंनी, बसल्या बसल्या, पोट आत घेतलं.

“एकाच वर्गात,” त्या म्हणाल्या. “आणि माझा कोट?”

मी ओठाला ओठ नीट लावून, सगळे वर्ण आपापल्या जागी ठेवून सांगितलं, “पुढच्या बुधवारी.”

टेबलाखालून दोघी एका सुरात ओरडल्या, “दुदाली!” आणि हात हलवू लागल्या. बाईंनाही तेव्हा कळलं की आता निघायचं.

२५ ऑगस्ट

शब्दसंग्रहाच्या दोन प्रती सुवाच्य अक्षरात काढल्या. ह्यांनी तपासल्या. मला माहीत नसलेले आठ-दहा शब्द ह्यांनी भरले. त्यांतले काही मी रागावल्यावरचे आहेत. ते मी खोडले, ह्यांनी पुन्हा लिहिले. टिपायचं, दुरुस्त करायचं नाही, असं म्हणाले. भाचीने ह्यांना बिघडवलं आहे.

४ सप्टेंबर

शाळेचा पहिला दिवस. आज जे ज्याच्या हवाली केलं त्याची नोंद:

वर्गशिक्षिकेच्या हवाली: नाती दोन, एका वर्गात, एका बाकावर. शब्दसंग्रहाची प्रत एक. लाल मखमली उशी एक, वर्गात टाचण्या लागतातच, आणि त्या दातांत धरायच्या नाहीत असं बजावून.

मुख्याध्यापिकाबाईंच्या हवाली: कोट, अस्तरासह. पाठीची शिवण सरळ करून.

नणंदेच्या मुलीच्या हवाली: दुसरी प्रत, आणि टाचण्यांची जुनी डबी. ती तिने ‘पुरावा’ म्हणून मागून घेतली.

कोट आणि प्रती मिळाल्याच्या सह्या घेतल्या. मुलींसाठी सही देत नाहीत म्हणे. विचारून पाहिलं.

फाटकाशी दोघी वळल्या. थोरलीने गाल फुगवले, ओठ मिटले आणि पहिल्यांदाच, चोख, म्हणाली, “आजी, बाय.” ब अगदी जागच्या जागी. धाकटीने तिला कोपर मारलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग हात हलवत, एकदम म्हणाल्या, “दुदाली.”

आजूबाजूला इतर मुलांच्या आया उभ्या होत्या. माझ्याजवळ एकही टाचणी नव्हती. मी दातांवर दात ठेवले, ओठ लांब ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “दुदाली.”

थोरलीने मान डोलावली. उच्चार पसंत पडला असावा.